साखरेने मासे का मरतात?

वर्गात एक साधा प्रश्न विचारून पाहा. साखर विषारी आहे का? मुले हसतील. मग दुसरा प्रश्न विचारा. टाकीत चमचाभर साखर टाकली तर मासा मरेल का? आता काही मुले विचारात पडतील, पण बहुतेकजण ‘नाही’ असेच म्हणतील. आम्ही म्हणतो, मरू शकेल. त्यासाठी पाणी साचलेले हवे, त्यात थोडी माती किंवा गाळ हवा आणि आपली दोन-तीन दिवस थांबण्याची तयारी हवी.

हा प्रश्न आम्ही लातूर जिल्ह्यातला रेणापूर परिसर डोळ्यांसमोर ठेवून मांडत आहोत. रेणापूर हे रेणा नदीकाठचे गाव. भंडारवाडीजवळ या नदीवर मध्यम प्रकल्पाचे धरण आहे. रेणा पुढे मांजरेला मिळते. मांजरा कर्नाटक आणि तेलंगणातून वाहत जाऊन कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. या सगळ्या पट्ट्यात ऊस आहे, आणि उसामागोमाग साखर कारखाने व आसवन्या आल्या आहेत. गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. नेमक्या याच महिन्यांत नदीची धार बारीक होत जाते, मग तुटते आणि शेवटी फक्त डोह उरतात. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, हे आपण लक्षात ठेवू. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आपल्या वर्गात कोणाच्या घरी ऊस असतो, कोणाचे वडील कारखान्यात कामाला असतात, कोणाचे आईवडील ऊसतोडीला जातात. म्हणून कोणाला दोषी ठरवण्याची घाई न करता हा विषय समजून घेणे आपल्याला जास्त उपयोगाचे ठरेल.

मळी तर गुरेही खातात

‘मळीमिश्रित पाण्यामुळे मासे मृत’ असा मथळा आपण वर्तमानपत्रात अनेकदा वाचतो. मळी म्हणजे काय? उसाचा रस आटवून साखरेचे दाणे वेगळे केले की मागे जो काळपट, घट्ट पाक राहतो, ती मळी. तिच्यात निम्म्याच्या आसपास साखरच असते. ती गुरांच्या खाद्यात मिसळतात आणि आंबवून तिच्यापासून अल्कोहोल करतात. मग गुरांना चालणारी वस्तू माशांना का चालत नाही?

याचे उत्तर मळीत शोधून मिळणार नाही. ते पाण्यात शोधावे लागेल.

पाण्यातली हवा

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन, कल्ल्यांवाटे घेतो. हा साठा फार थोडा असतो. २० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात दर लिटरला जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. पाणी ३० अंशांपर्यंत तापले की हा आकडा साडेसातवर येतो. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. आपल्या पठारावर उंचीमुळे ते आणखी थोडे कमी होतात. रोहू, कटला या माशांना ४ मिलिग्रॅमच्या वर बरे वाटते. २ च्या खाली त्यांना तग धरणे अवघड होते.

म्हणजे मराठवाड्यातल्या मार्च-एप्रिलच्या डोहात माशाच्या हाताशी मुळातच थोडी शिल्लक असते. त्यातच पाणी तापल्यामुळे माशाचे शरीर जास्त ऑक्सिजन मागते. आवक कमी आणि खर्च जास्त, अशी ही स्थिती असते.

एक चमचा साखर, चार पिंपे पाणी

आता साखर पाण्यात टाकू. मासा तिच्याकडे बघणारही नाही, पण पाण्यातल्या आणि गाळातल्या जिवाणूंना ती मेजवानी आहे. ते साखर खातात, झपाट्याने वाढतात आणि श्वसनासाठी पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. किती वापरतात ते दहावीच्या रसायनशास्त्रावरून काढता येते. साखरेचा एक रेणू पूर्ण जाळायला ऑक्सिजनचे बारा रेणू लागतात. वजनात सांगायचे तर ३४२ ग्रॅम साखरेला ३८४ ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे १ ग्रॅम साखरेला सुमारे १.१ ग्रॅम.

चहाच्या चमच्यात ५ ग्रॅम साखर धरली तर तिला सुमारे ५.६ ग्रॅम, म्हणजे ५,६०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागेल. लिटरला साडेसात मिलिग्रॅम या हिशेबाने हा साडेसातशे लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन झाला. दोनशे लिटरची जवळजवळ चार पिंपे! पाण्याला वरून नवी हवा मिळाली नाही, तर एक चमचा साखर चार पिंपांतल्या माशांना गुदमरवू शकते. साखर विषारी नाही, पण माशाच्या ताटातले जेवण दुसऱ्याच कोणी फस्त केले. हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्यावे, अशी आमची सूचना आहे.

पाण्यात टाकलेला सेंद्रिय पदार्थ किती ऑक्सिजन खाईल, हे मोजण्याच्या मापाला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणतात. बोलताना सगळे ‘बीओडी’च म्हणतात. पाण्याचा नमुना ठरावीक तापमानाला, बहुधा २० अंशांना, पाच दिवस अंधारात बंद ठेवायचा आणि आधीचा व नंतरचा ऑक्सिजन मोजायचा. दोन्हींतला फरक म्हणजे बीओडी. अंधार अशासाठी, की शेवाळाने प्रकाशात नवा ऑक्सिजन तयार करून आपला हिशेब बिघडवू नये.

कारखान्याचे पाणी आणि आसवनीचे पाणी

ऊस म्हणजे सुमारे सत्तर टक्के पाणीच. त्यामुळे साखर कारखान्यात पाणी बाहेर पडणारच. भांडी, फरशी आणि गिरणी धुतलेले पाणी, तेल-ग्रीस, सांडलेला रस हे सगळे त्यात मिसळते. अशा न शुद्ध केलेल्या पाण्याची बीओडी साधारण हजार-दीड हजार मिलिग्रॅम असते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम कडक केले. एक टन उसामागे कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी २०० लिटरच्या आत ठेवावे लागते. दिवसाला २,५०० टन गाळप करणाऱ्या कारखान्यासाठी हे ५ लाख लिटर होतात.

आसवनीचे प्रकरण फार वेगळे आहे. मळी आंबवून अल्कोहोल काढून घेतले की जे तपकिरी, आंबट, गरम पाणी उरते त्याला ‘स्पेंट वॉश’ म्हणतात. एक लिटर अल्कोहोलमागे हे साधारण ८ ते १५ लिटर निघते. त्याची बीओडी ४० ते ६० हजार मिलिग्रॅम असते. आपण ४५ हजार धरू. एक लिटर स्पेंट वॉशला ४५ ग्रॅम ऑक्सिजन हवा. साडेसात मिलिग्रॅमच्या हिशेबाने हा ६,००० लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन झाला. माशांसाठी ४ मिलिग्रॅम राखून ठेवायचे म्हटले, तर १२ ते १३ हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे रस्त्यावर दिसतो तसा एक मोठा टँकर. आणि हे फक्त एका लिटरसाठी! दुसरी तुलना करायची तर एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्यात ढोबळमानाने ३० ते ५० ग्रॅम बीओडी असते. म्हणजे स्पेंट वॉशचा एक लिटर हा नदीच्या दृष्टीने एक माणूस आहे.

त्याचा रंगही त्रास देतो. भाकरीवर पडणारे खरपूस डाग ज्या प्रकारच्या रासायनिक क्रियेने होतात, तशाच क्रियेने स्पेंट वॉशमध्ये तपकिरी रंगद्रव्ये तयार होतात. या क्रियेचा अभ्यास फ्रान्सच्या लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये केला. ही रंगद्रव्ये जिवाणूंना सहज पचत नाहीत, म्हणून बरीच शुद्धी झाल्यावरही पाणी तपकिरी राहते. त्या पाण्यातून प्रकाश खाली जात नाही. शेवाळ आणि पाणवनस्पतींचे अन्न बनवणे मंदावते आणि दिवसा त्यांच्याकडून मिळणारा ऑक्सिजनही कमी होतो.

मासे पहाटे आणि खालच्या अंगाला का मरतात?

पाणवनस्पती दिवसा ऑक्सिजन देतात. श्वसन मात्र त्या दिवसरात्र करतात. म्हणून पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो. डोहावर तोंड वर काढून धापा टाकणारे मासे पहाटेच दिसतात, ते यामुळे.

दुसरे असे, की सांडपाणी नदीत पडले त्याच ठिकाणी ऑक्सिजन तळाला जात नाही. जिवाणूंना वाढायला वेळ लागतो, आणि तोवर पाणी पुढे गेलेले असते. अमेरिकेत ओहायो नदीचा अभ्यास करून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये हे गणितात मांडले. त्यांचा आलेख झोळीसारखा दिसतो. ऑक्सिजन हळूहळू खाली जातो, एका ठिकाणी तळ गाठतो आणि पुढे हवेतून मिळणाऱ्या ऑक्सिजनमुळे पुन्हा वर येतो. म्हणून मेलेले मासे सांडपाण्याच्या नाल्यापासून कित्येक किलोमीटर खाली सापडू शकतात. गुन्हा एका गावात आणि पंचनामा दुसऱ्या गावात, असा प्रकार होतो.

याची आठवण आपल्याला कृष्णेने करून दिली. जुलै २०२२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये सांगली परिसरात कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला. हा विषय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर गेला. दोन महिने पाहा. मार्चमध्ये नदीत पाणी थोडे असते. जुलैच्या पहिल्या पुरात नाल्यांत महिनोन्‌महिने साचलेली घाण एकदम पात्रात ढकलली जाते. नदीच्या दृष्टीने हे दोन्ही काळ धोक्याचे.

लातूरकरांना ही बातमी परकी वाटू नये. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी पाण्याची रेल्वेगाडी सुरू झाली, तेव्हा ती शेजारच्या मिरजेहून भरून येत होती. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून आले. ते पाणी कृष्णेचेच होते.

गुदमरणे वेगळे, विषबाधा वेगळी

सगळेच औद्योगिक सांडपाणी असे गुदमरवून मारत नाही. जपानमध्ये मिनामाता येथे रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांच्या शरीरात साठत गेला आणि ते मासे खाणाऱ्या माणसांच्या मज्जासंस्थेवर आघात झाला. हा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. जपानमधल्याच जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या पाण्यातले कॅडमियम भातशेतीत शिरले, भातात उतरले आणि ते खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ झाली. अशा विषांनी पाण्यातला ऑक्सिजन कमी होत नाही. बीओडी पाहून ती कळणारही नाहीत.

म्हणून आपल्या कायद्यात दोन वेगवेगळ्या परीक्षा आहेत. एक बीओडीची. दुसरी प्रत्यक्ष माशांची. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात काहीही न मिसळता मासे ९६ तास ठेवायचे. त्यांतले निदान ९० टक्के जगले पाहिजेत. या दुसऱ्या परीक्षेत पाण्यात ऑक्सिजन पुरेसा राहील याची काळजी घेतात, कारण तिथे विष शोधायचे असते. एका परीक्षेत उत्तीर्ण झालेले पाणी दुसरीत नापास होऊ शकते.

पिकांचे काय?

स्पेंट वॉशमध्ये पालाश भरपूर असते. नत्र आणि गंधकही असते. म्हणूनच ‘हे तर खत आहे’ असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. योग्य प्रमाणात, पातळ करून, पीक उभे नसताना दिले तर जमिनीला त्याचा फायदा होतो. पण मात्रा ओलांडली की तीन गोष्टी घडतात.

पहिली क्षारांची. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. जमिनीतल्या पाण्यात क्षार फार झाले की मुळांची गत त्या फोडींसारखी होते. रान ओले असूनही रोप तहानलेले राहते आणि पानांच्या कडा करपतात.

दुसरी ऑक्सिजनची. मुळेही श्वास घेतात. जमिनीतले जिवाणू सेंद्रिय पदार्थावर तुटून पडले की मातीच्या कणांमधल्या हवेतला ऑक्सिजन संपतो. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातून पाण्याचा निचरा सावकाश होतो. त्यामुळे हलक्या, मुरमाड रानापेक्षा काळ्या रानात मुळे लवकर गुदमरतात. माशावर आली तीच वेळ इथे मुळावर येते.

तिसरी नत्राची. जिवाणूंना वाढायला नत्रही लागते. साखर भरपूर आणि नत्र थोडे असेल, तर ते मातीतले नत्र स्वतःसाठी उचलतात आणि पीक पिवळे पडते. हे नत्र पुढे जिवाणू मेल्यावर परत मिळते, पण उगवणीच्या वेळचे नुकसान भरून येत नाही.

जादा पाणी मुरून खाली गेले तर क्षार आणि तपकिरी रंग विहिरीत उतरतात. नदीला निदान पावसाळ्यात धुवून निघण्याची संधी असते. विहिरीत उतरलेले क्षार वर्षानुवर्षे राहतात.

नदीच नसेल तर?

आता सुरुवातीला लक्षात ठेवलेल्या गोष्टीकडे येऊ. पाण्यात सोडायच्या सांडपाण्याची बीओडी दर लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवी, असा आपल्याकडे नियम आहे. असे आकडे कुठून येतात?

इंग्लंडमध्ये सांडपाण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाने १९१२ मध्ये २० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. तिच्यामागचे गणित सोपे होते. नदीची स्वतःची बीओडी २ आहे आणि सांडपाण्याच्या आठपट पाणी नदीत आहे, असे धरले. मग आठ भाग नदी (८ × २ = १६) आणि एक भाग सांडपाणी (२०) मिळून ३६, आणि नऊ भागांना वाटले की ४ येतात. बीओडी ४ पर्यंत नदी सोसू शकते, असा त्यांचा अनुभव होता. म्हणजे २० हा आकडा एकटा नव्हता. त्याच्यासोबत आठपट वाहते पाणी होते, आणि तेही इंग्लंडच्या बारमाही नदीचे.

हेच गणित मार्च महिन्यातल्या रेणेला लावा. सांडपाणी ३० चे, म्हणजे पूर्ण नियमात बसणारे. नदीचे पाणी शून्य भाग. मिश्रणाची बीओडी किती? ३०. आणि गरम डोहात ऑक्सिजन सातच्या आसपास. हवेतून थोडा ऑक्सिजन मिळत राहतो हे खरे, पण साचलेल्या पाण्यात तो फार सावकाश विरघळतो. म्हणजे नियम पाळूनही डोहातले मासे मरू शकतात.

आम्हाला या लेखात सांगायचे आहे ते हेच. ‘विषारी’ हे विशेषण एकट्या पदार्थाला लावता येत नाही. कोणासाठी, किती, किती दिवस आणि किती पाण्यात, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. चौथ्या प्रश्नाचे मराठवाड्यातले उत्तर वर्षातले बरेच महिने ‘जवळजवळ पाणीच नाही’ असे असते. त्यामुळे आपल्याकडे सांडपाणी नदीत सोडण्यापूर्वी शुद्ध करणे पुरेसे नाही. ते नदीत न सोडणे हाच खरा मार्ग. २००३ मध्ये ठरलेल्या धोरणानुसार आसवन्यांनी नदीत काहीही सोडू नये, असे अपेक्षित आहे. त्यासाठी स्पेंट वॉशपासून आधी जैववायू काढतात, उरलेले पाणी आटवतात, प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट करतात किंवा घट्ट करून बॉयलरमध्ये जाळतात. जैववायू काढल्यावर बीओडी ८० ते ९० टक्के कमी होते, पण ४५ हजारांतले १० टक्केही साडेचार हजार होतात, हे विसरू नये. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी इथेनॉलची मागणी २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर खूप वाढली आहे. त्यामुळे हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांच्या आयुष्यातही राहणार आहे.

वर्गात करून पाहा

कारखान्याचे सांडपाणी मुलांना हाताळायला देऊ नये. गुळाचे पाणी आपले काम चोख करते.

१. श्वास मोजणाऱ्या बाटल्या. एकसारख्या चार पारदर्शक बाटल्या घ्या. प्रत्येकीत विहिरीचे पाणी आणि चमचाभर बागेतली माती घाला. पहिलीत आणखी काही नको. दुसरीत चिमूटभर, तिसरीत अर्धा चमचा आणि चौथीत एक चमचा गूळ विरघळवा. प्रत्येकीत मेथिलीन ब्लूचे सारखे थेंब टाका, म्हणजे पाणी फिकट निळे होईल. बाटल्या काठोकाठ भरून घट्ट बंद करा आणि अंधारात ठेवा. ऑक्सिजन संपला की निळा रंग जातो. कोणत्या बाटलीचा रंग किती तासांनी गेला ते मुलांनी लिहून ठेवावे. शेवटी रंग गेलेली बाटली उघडून, थोडे पाणी ओतून टाकून, जोरात हलवा. काय होते आणि का, हे मुलांनाच सांगू द्या.

२. मुगाची साक्ष. पाच बशांत ओला कागद पसरून प्रत्येकीत दहा मूग ठेवा. एका बशीत साधे पाणी. एका लिटरला १०० ग्रॅम गूळ असे द्रावण करा. त्यातला एक भाग घेऊन नऊ भाग पाणी घाला, आणि असेच पुढे दोनदा करा. ही चार द्रावणे उरलेल्या चार बशांत वापरा. तीन दिवसांनी किती मूग रुजले आणि मुळांची लांबी किती मिलिमीटर, ते मोजा. सरासरी काढा, आलेख काढा. दुसऱ्या आठवड्यात गुळाऐवजी मीठ वापरा, पण सुरुवात लिटरला १० ग्रॅमपासून करा. कोणत्या पातळीवर मुळे आखडू लागतात? सर्वांत पातळ द्रावणात काही फरक दिसतो का? उत्तर आधी सांगू नका. दहा मुगांवरून ठाम निष्कर्ष काढता येतो का, हाही प्रश्न विचारा. वर्गातल्या सगळ्या गटांचे आकडे एकत्र केले की चित्र स्पष्ट होते.

३. डोहाची हजेरी. मोठ्या माणसांना सोबत घेऊन काठावरूनच निरीक्षण करा. दगडांखाली चतुरांची पिल्ले दिसली तर पाण्यात बऱ्यापैकी ऑक्सिजन आहे. गाळात फक्त वळवळणाऱ्या तांबड्या अळ्या असतील तर ऑक्सिजन कमी आहे. त्यांच्या रक्तात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या थोड्या ऑक्सिजनवर भागवतात. मरळ आणि मागूर हे मासे पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतात. ते जिवंत आहेत एवढ्यावरून पाणी चांगले ठरत नाही. रोहू-कटला कुठे गेले, हे विचारायला हवे. दर महिन्याला एकदा, शक्यतो सकाळी, अशी नोंद ठेवली तर वर्षभरात शाळेकडे आपल्या नदीची एक वही तयार होईल.

अशा वहीचा उपयोग काय? मासे मेल्याची बातमी येते तेव्हा पाणी पुढे वाहून गेलेले असते आणि आधी काय स्थिती होती हे कोणालाच सांगता येत नाही. रेणेच्या काठच्या एखाद्या शाळेत अशी वही असेल, तर निदान त्या गावाला ते सांगता येईल.